फाटकापासून टाकीपर्यंत

मंगळवार, १८ फेब्रुवारी, संध्याकाळ

डॉक्टर म्हणले, मन लागत नसंल तर रोज अर्धा तास चालायचं, घरच्यांशी बोलायचं. पर म्या इथं हैदराबादला बंगल्याचा वॉचमन, फाटक सोडायचं न्हाय. फाटकापासून टाकीपर्यंत तीस पावलं, तेवढंच चालतो. काल मालकानं कॅमेऱ्यात बघून फोन केला, "काय हरवलं का रे?"

आईला मात्र सांगून ठेवलंय, रोज इथल्या तळ्यापर्यंत जातो. उगं घोर नको तिला. तर आज म्हणली, "तू तिथं चाल, म्या इथं अणदुरात चालते. फोन चालू ठेव." तिकडं बाया विचारत होत्या, "कुठं निघालीस गं?" सगळं ऐकू येत होतं. इकडं म्या तीस पावलं जायचो अन् वळायचो.

"खंडोबाच्या देवळापाशी आले बघ," ती धापा टाकत म्हणली. "तू तळ्यावर पोचलास का?"

व्हय म्हणणारच होतो. तिच्या धापा ऐकून जीभ उचलंना. म्हणलं, "आई, म्या फाटकाच्या आतच हाय. भाईर जाता येत न्हाय मला."

"रोजच?"

"व्हय."

ती म्हणली, "बसते मग म्या बी पायरीवर. बोल."

फाटकाची कडी धरून उभा राहिलो, फोन कानालाच.