बाजाराच्या दिवशी येणारा फोन

९ जुलै, बुधवार
फोन वाजला तशी सरिता, माझी पेइंग गेस्ट, ताट सरकवून गॅलरीत पळाली. बुधवार म्हणजे तिच्या वडिलांचा फोन. गाव गडचिरोलीच्या पार टोकाला, छत्तीसगडला टेकलेलं. तिथे रेंज नाही. आठवड्याचा बाजार नदीच्या अलीकडे भरतो, तिथे आहे. वडील मीठ-तेल घ्यायला नदी ओलांडून येतात आणि लेकीशी बोलून घेतात. बापलेकीचं माडिया बोलणं मला कळत नाही, पण आज तिचा आवाज चढला होता.

मग तिने सांगितलं. थोरली बहीण प्रमिला, दिवस भरत आलेत. तिकडची रीत अशी की अशा बायकांना पावसाळ्याआधीच अलीकडे, दवाखान्याजवळ नातलगांकडे आणून ठेवायचं. एकदा नदी भरली की येणं-जाणं बंद. प्रमिला अजून पलीकडेच. का, तर सरिता होळीला सांगून आली होती, "मी सुट्टी घेऊन येते, मीच नेते तुला." आता भाताची रोवणी लागलीय. प्रमिला म्हणते, सरी येईपर्यंत चार बांध्या लावून होतील.

"मग जा ना."
"सुट्टी टाकलीय, काकू."

११ जुलै
सुट्टी नामंजूर. स. एका मोबाइल कंपनीच्या तक्रार-केंद्रात फोन घेते. साहेब म्हणाले, पावसात नेटवर्कच्या तक्रारी वाढतात, कोणाला सोडता येणार नाही. आज एका गृहस्थाने तिला यथेच्छ झापलं. त्याच्या बाथरूममध्ये फोन नीट लागत नाही. ती म्हणाली, "गैरसोयीबद्दल क्षमस्व." मी असते तर विचारलं असतं, तिथून कोणाशी बोलायचं एवढं अडलंय?

१६ जुलै, बुध.
फोन आला नाही. स. ऑफिसला गेली नाही, दिवसभर फोन मांडीवर. जेवण तसंच.

इथेही पाऊस. पेपरात पहिल्या पानावर खडकवासल्याचा विसर्ग, नदीपात्रातला रस्ता बंद, पाण्यात अडकलेली एक मोटार, चार बाजूंनी फोटो. गडचिरोली आतल्या पानावर, पंचांगाशेजारी, दोन ओळी: संततधार, संपर्क तुटला. कोणाचा कोणाशी तुटला? नकाशा काढला तर गावाचं नाव नाहीच. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत आमच्याकडून ऱ्हाइन, डॅन्यूब, व्होल्गा घोकून घेतल्या. कुठे उगम, कुठे मुख, अजून झोपेत सांगेन. ही नदी आज पहिल्यांदा पाहिली.

सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. "तुमची पेइंग गेस्ट गडचिरोलीची ना? म्हणजे नक्षलवादी…"
"हो. आणि पुणं म्हणजे फक्त पाट्या."
हसले. कळलं नाही त्यांना.

१७ जुलै
पेपरच्या कचेरीत फोन केला. मुलगा नम्र होता, म्हणून जास्त राग आला.
"मॅडम, तिकडे आमचा वार्ताहर आहे, पण त्याचाच फोन लागत नाहीये."
"मग तेच छापा."
"त्याची बातमी कशी होणार?"
"कोथरूडमध्ये एक तास वीज गेली तर होते ना?"
बघतो म्हणाला.

१९ जुलै
स. निघाली. सुट्टीबिट्टी नाही, न सांगताच. बल्लारशाची गाडी, पुढे एस.टी., पुढे जे मिळेल ते. मी म्हटलं, रस्ते बंद आहेत, जाऊन करणार काय? "काकू, मी थांब म्हटलं म्हणून ती थांबली." स्टेशनवर सोडून आले. दशम्या दिल्या. खिडकीतून "तुम्ही जेवा वेळेवर" म्हणाली. मला!

२१ जुलै
स.चा फोन. बाजाराच्या गावापर्यंत पोचली. "पाणी उतरून नाही राहिलं, काकू. डोंगा पाण्यात टाकायला कोणी तयार नाही." पलीकडची झाडं दिसतात म्हणाली. मागे पाण्याचा आवाज. मला आधी वाटलं, लाइन खराब आहे.

२३ जुलै, बुध.
बाजार भरलाच नाही. पण पाणी थोडं उतरलं आणि तिचे वडील डोंग्यातून अलीकडे आले.

प्रमिला गेली. रविवारी. स. रेल्वेत होती तेव्हा.

बाळंतपण अडलं तशी खाटेला बांबू बांधून चौघांनी तिला नदीपर्यंत आणलं. पाणी बघून उभे राहिले. "समोर दवाखान्याचं छप्पर दिसून राहिलं होतं म्हणे, काकू. लाल पत्रा आहे." हे स.ने बातमी वाचावी तसं सांगितलं. बाळंत तिथेच झाली, काठावर. मुलगी आहे. जगलीय.

मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. लोकांची तोंडं बंद करण्यात हयात गेली माझी, आणि आज एक शब्द…

२४ जुलै
पेपर: धरण भरत आलं, पुणेकरांची गर्दी, भाजलेली कणसं. आतलं पानही पाहिलं. नाही.

२६ जुलै
शाळेतल्या मैत्रिणींचा शनिवारचा चहा. सांगायचं नव्हतं, सांगितलं. शीला म्हणाली, "सो सॅड! पण हे लोक वेळेवर निघत का नाहीत?" निघतात, शीला. दरवर्षी निघतात. या वर्षी एका बाईने बहिणीच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि बहीण तुझ्यामाझ्यासारख्यांचे फोन घेत बसली होती. असं म्हणायला हवं होतं. कप तसाच ठेवून उठले. पावसात चालत घरी. भिजले, खोकला लागलाय.

३० जुलै, बुध.
सकाळपासून घरातच. दुपारी स.चा फोन आला, बाजाराच्या गावातून.

कंपनीने कामावरून काढल्याचं कळवलंय. "बरं झालं," म्हणाली. बाळ शेळीच्या दुधावर आहे, वजन धरत नाही. प्रमिलाचा नवरा कोणाशी बोलत नाही. स.ची आई बाळाला खाली ठेवत नाही. नाव अजून नाही.

"काकू, माझी खोली देऊन टाका कोणाला तरी."
"ते मी बघेन. तू कशी आहेस?"
ते राहू द्या म्हणाली. मग एकदम, "काकू, मी बाळाला तिकडे आणू का? इथे पुन्हा पाऊस लागला तर… आई नाही म्हणते. पण तुम्ही म्हणाल तर मी तिला समजावते."

माझं वय, गुडघे, सोसायटी, त्या आजीच्या हातातून बाळ काढून घेणं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. "आण," म्हटलं. मग ओरडून म्हटलं. समोरच्यांनी दार उघडून पाहिलं.

पलीकडे काहीच नव्हतं, लाइन तुटलेली. किती वेळ नव्हतं कोण जाणे. पुन्हा पुन्हा लावला, लागत नाही. तिने ऐकलं, की मी गप्प राहिले असं समजून ती परत नदीपलीकडे गेली, हे आता पुढच्या बुधवारी कळणार. बाजार भरला तर.