थंडोबापेक्षा थंड

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज मालकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये केबिनमध्ये बोलावणं म्हणजे एकतर गाडी ठोकली, नाहीतर तक्रार आली. गाडी शाबूत होती.

तक्रार दातांच्या डॉक्टरीणबाईंची. म्हणे मी शेजारी बसून ओरडतो तेव्हा भूल न देता दाढ काढल्यासारखं वाटतं. मी फक्त 'क्लच' म्हणालो होतो. जरा मोठ्यानं. रस्त्यावर गोंगाट असतो.

मालकीणबाई म्हणाल्या, जरा त्यांच्याकडून शिका, किती शांतपणे शिकवतात! 'त्यांच्या' म्हणजे थंडोबाच्या. हे नाव मी ठेवलंय. माझ्या मागून नोकरीला लागला, आणि आता लोक त्याच्या गाडीसाठी ताटकळत थांबतात. माझी गाडी समोर रिकामी उभी असते. तिला बघून म्हणतात, आम्हाला घाई नाही.

आणखी एक तक्रार आली तर माझी गाडी काढून घेणार. मग वर्गात उभं राहून वाहतुकीच्या खुणा शिकवायच्या. मी! हे सगळं दार सताड उघडं ठेवून बोलल्या. बाहेर थंडोबा चहा पीत होता. घोट घेतल्याचा आवाजसुद्धा करत नाही, एवढा साळसूद.

ठरलं. सूड. मी इतका शांत होणार की माझ्यापुढे थंडोबा म्हणजे आकांडतांडव वाटावं. मेडिटेशनचं ॲप घेतलंय.

७ फेब्रुवारी, सकाळ

ॲपमधली बाई म्हणते, श्वासाकडे लक्ष द्या. दिलं. श्वास आत, थंडोबा आत. श्वास बाहेर, थंडोबा नोकरीबाहेर. फार प्रसन्न वाटलं. विचार ढगांसारखे येतील, त्यांना जाऊ द्या, असंही म्हणते. बाकीचे जाऊ दिले. एक ठेवून घेतला.

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, अहो, दात का खाताय? म्हटलं, ध्यान करतोय. म्हणाली, मग जरा हळू करा.

११ फेब्रुवारी

नुसतं स्वतः शांत होऊन भागत नाही, समोरच्याचं डोकंही फिरवावं लागतं. माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक शिकायला येतात. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की भर रस्त्यात ब्रेक मारतात. उतरून दुकानदाराला सांगून येतात. त्यांना गुपचूप थंडोबाच्या गाडीत ढकललं आणि खिडकीत उभा राहून वाट बघू लागलो.

दोघं हसत परत आले. मुख्याध्यापक म्हणाले, आज पाट्यांकडे बघायचं भानच राहिलं नाही! थंडोबा माझ्याजवळ येऊन म्हणाला, थँक्यू दादा, फार मजेशीर माणूस दिलात.

राग आला नाही. फक्त बाथरूममध्ये जाऊन स्थिर बसलो. ऑफिसात एकांत मिळतो तो तिथंच. बाहेरून लोक दार वाजवत होते. मी अविचल. शेवटच्या माणसाला काय बोललो ते धरायचं नाही, तो अति वाजवत होता.

१५ फेब्रुवारी

प्रगती! आज पूर्ण तास न ओरडता काढायचा असं ठरवूनच निघालो. शिकायला बेकरीवाला होता. त्यानं विचारलं, डावीकडे घेऊ का? मी मंद हसलो. परत विचारलं, सर, डावीकडे का? मी डोळे मिटले. लक्ष श्वासावर. नाकपुड्यांपाशी गारवा जाणवला. याचसाठी लोक डोंगरावर जाऊन बसतात म्हणे, मला चालत्या गाडीत साधलं.

डोळे उघडले तेव्हा आम्ही फुलवालीच्या दुकानात होतो. काचेवर मोगऱ्याचं रोप आडवं पडलेलं, कुंड्यांचा चुराडा. सुदैवानं माणूस कुणी मध्ये नव्हतं. मग मी बेकरीवाल्याला जे बोललो त्यातला शेवटचा शब्द आपण जन्मात ऐकला नव्हता, असं फुलवालीनं मालकीणबाईंना फोन करून सांगितलं.

माझी शांती शेवटपर्यंत अभंग होती. चूक बेकरीवाल्याची.

मालकीणबाईंनी अखेरची संधी दिलीय. बेकरीवाला टेस्टमध्ये पास झाला तर माझी गाडी माझ्याकडे राहील.

१८ फेब्रुवारी

स्टोअररूममध्ये बसून, आवाज बदलून, मालकीणबाईंना निनावी फोन केला. म्हटलं, तुमचा तो इन्स्ट्रक्टर इतका शांत आहे की शिकताना झोप लागते, एखाद्या दिवशी जीव जाईल कुणाचा. त्या म्हणाल्या, बरं, बघते. आणि स्टोअरमधून येताना झाडू घेऊन या.

भिंत पातळ आहे हे आधी कुणी बोललं नाही.

२२ फेब्रुवारी, दुपार

टेस्टच्या मैदानावर गेलो. कठड्यावर बसून दीर्घ श्वास घेत होतो. तेवढ्यात थंडोबाची गाडी आली. कुणी बाई चालवत होत्या. रिव्हर्समध्ये एका दमात, दोन खांबांच्या मधोमध गाडी लावली. मन विशाल झालेलं असल्यामुळे मी चक्क वाहवा म्हणालो.

दार उघडून बायको उतरली.

माझी. 

विचारलं, हे काय? म्हणाली, लायसन, मिळेल आता. म्हटलं, किती दिवस चाललंय हे? म्हणाली, बरेच. म्हटलं, अगं, घरात इन्स्ट्रक्टर असताना? म्हणाली, तुमच्याकडे एकदा शिकायला बसले होते. पहिल्या वळणावर उतरून रिक्षा केली होती. तुमच्या लक्षातच नाही ना?

थंडोबा जमिनीकडे बघत होता. हळूच म्हणाला, दादा, वहिनी म्हणाल्या तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून बोललो नाही. हसला असता, मिशीतल्या मिशीत तरी, तर मी काहीतरी करू शकलो असतो. हसला नाही. असल्या माणसाचा सूड घ्यायचा तरी कुठून धरून?

बेकरीवाला नापास. प्रत्येक वळणावर स्टीअरिंग सोडून कानांवर हात ठेवत होता. परीक्षकांनी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवलं.

२४ फेब्रुवारी

गाडीची किल्ली जमा केली. घेताना मालकीणबाईंना वाईट वाटलं, ते मला आवडलं नाही.

घरी मात्र सूड चालू. बायकोशी संपूर्ण मौन. आतून धगधगती भट्टी, बाहेरून तलाव. ती कासावीस होईल, हातापाया पडेल.

रात्री जेवताना म्हणाली, हल्ली घरात किती छान वाटतं, नाही का?

२७ फेब्रुवारी, दुपार, रिकाम्या वर्गात

आज बायकोनं स्वतः घरची गाडी चालवत मला कामावर सोडलं. शेजारी बसून तिची एक-एक चूक टिपायची आणि उतरताना शांतपणे सगळ्या ऐकवायच्या, असा बेत होता. पहिल्या सिग्नलपर्यंत चूक नाही. दुसऱ्यापर्यंत नाही. ट्रक आडवा आला, तिनं त्याला जाऊ दिलं, वर हातही केला.

मग माझ्या तोंडून 'क्लच' निघालं.

तिनं गाडी बाजूला घेतली, बंद केली, हात मांडीवर ठेवले. ओरडली नाही. म्हणाली, तुमचं झालं की निघू. मनात म्हटलं, बघू कोण आधी हरतं ते. बराच वेळ मागून गाड्या जात राहिल्या. ती खिडकीतून बाहेर बघत होती, कपाळावर आठी नाही. मीच म्हणालो, झालं माझं. तेव्हा म्हणाली, मग पायही उचला.

बघितलं, तर माझा उजवा पाय मॅटमध्ये रुतलेला. स्कूलच्या गाडीसारखा तिथं माझा ब्रेक नव्हताच.

पोटरीत गोळा आलाय. फळ्यापाशी उभं राहवत नाही, खुणा खुर्चीत बसून शिकवल्या. घरी जाताना रिक्षानं जाईन म्हणालो होतो. म्हणाली, नको, मीच येते न्यायला.