व्हेनिसच्या वकिलामागे जाण्यासाठी टँकरच्या ड्यूटीवरून मोकळे करणेबाबत

प्रति,
मा. विशेष कार्य अधिकारी (टंचाई व जिल्हा विभाजन),
मुक्काम लातूर.

अर्जदार : रामकिशन ग्यानोबा सोनकांबळे, सहशिक्षक (इतिहास), मूळ राहणार उमरी, सध्या मुक्काम बोरगाळवाडी, रेणापूरजवळ.

विषय : आठ दिवसांसाठी दिलेल्या व सध्या चौदाव्या महिन्यात असलेल्या टँकर नोंदीच्या कामातून मुक्त करून दिल्लीच्या मुलाखतीस जाऊ देणेबाबत.

संदर्भ : १) आदेश क्र. टंचाई/शिक्षक/४१७, दि. ८ फेब्रुवारी १९८२ (जुना जिल्हा).
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज. पाचांचे उत्तर नाही, एक परत आला.

महोदय,

१. अर्जाच्या सुरुवातीला अधिकाऱ्यांची स्तुती करण्याची रीत अर्जदारास चांगली ठाऊक आहे. परंतु स्तुतीचा त्याने आता इतका धसका घेतला आहे की या अर्जात ती मुद्दाम गाळली आहे. कृपया राग नसावा. कारण कलम ४ मध्ये येईल.

२. अर्जदाराची निकड अशी की, येत्या ११ एप्रिलला दिल्लीत त्याची मुलाखत आहे. ती पार पडली तर एक वर्ष इटलीत व्हेनिस येथे राहून जुनी पत्रे वाचण्याची शिष्यवृत्ती मिळते. पत्रे बर्नार्दो नावाच्या माणसाची. सतराव्या शतकात व्हेनिस सरकारने या सव्वीस वर्षांच्या पोराला डोंगरातल्या एका आडगावी वकील म्हणून पाठवले. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. पेशव्यांचे जसे ठिकठिकाणच्या दरबारी असत, तसला. पोरगा हुशार, महत्त्वाकांक्षी. त्याला पाहिजे होते पॅरिस आणि मिळाले मेंढरांचे गाव. मग त्याने अकरा वर्षे वरच्या लोकांना पत्रे लिहिली : सरदारांना, धर्मगुरूंना, त्यांच्या बायकांना, एकदा तर एका सरदाराच्या आचाऱ्यालासुद्धा. मला इथून काढा, एवढेच मागणे; पण काय एकेक पत्र आहे म्हणता! त्यांतील एकोणीस पत्रे हैदराबादच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात अर्जदारास सापडली आणि अर्जदार वेडाच झाला. सहा वर्षे खपून त्याने बर्नार्दोवर निबंध लिहिला. त्यावरूनच दिल्लीचे बोलावणे आले आहे. अर्जदाराचे वडील सालगडी होते. अर्जदाराच्या घराण्यात दिल्लीपर्यंत रेल्वेने गेलेला तो पहिलाच इसम ठरेल. आई पारूबाई हिने तर लोकरीचा स्वेटर घेऊन पाठवलाही आहे आणि त्याकडे नुसते पाहिले तरी या उन्हात अर्जदारास घाम फुटतो.

३. आता अडचण. मुलाखतीला कार्यमुक्तीचा आदेश जोडावा लागतो. बोरगाळवाडीच्या विहिरीत टँकर रिकामा होतो त्याच्या खेपा मोजण्याचे काम अर्जदारास जुन्या जिल्ह्याने दिले. मधला पावसाळा आला तसा गेला, आणि ऑगस्टात जिल्हाच बदलला. जुन्या जिल्ह्याकडे गेले तर ते म्हणतात, तुमचे गाव आमच्याकडे राहिले नाही. नव्या जिल्ह्याकडे आले तर म्हणतात, तुमचा आदेश आमच्याकडे आलेला नाही, मग ज्या कामावर तुम्ही नाहीच त्यातून सोडायचे कसे? तीन वेळा अर्जदाराने हा एसटीचा प्रवास केला. गाव इकडे, कागद तिकडे आणि अर्जदार टँकरच्या चाकापाशी, अशी त्याची गत झाली आहे.

४. सरळ अर्जांनी काम होईना, तेव्हा अर्जदाराने बर्नार्दोचा मार्ग धरला, आणि इथे त्याची जी फजिती झाली ती आपल्या कानावर आलीच असेल. बर्नार्दोचा नियम असा की आश्रयदाता एकच धरू नये. दोन धरावेत, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू देऊ नये. अर्जदाराने एक धरले शेषेराव अण्णा, म्हणजे आमच्या भागातले पुढारी. दुसरे धरले महादेवप्पा सावकार, उदगीरचे डाळीचे व्यापारी, ज्यांचा नव्या कार्यालयात शब्द चालतो असे म्हणतात. दोघांचे एकमेकांशी हाडवैर. दोघांनाही नवा जिल्हा झाल्यापासून सत्काराची फार हौस. अण्णांनी अर्जदारास मानपत्र लिहून मागितले, सावकारांनीही मागितले, आणि दोघांनीही तुमचे काम करून टाकतो असा शब्द दिला. आता बर्नार्दोने काय केले होते? एकच स्तुतिपत्र नाव बदलून दोन धर्मगुरूंना धाडले होते आणि दोघेही खूश झाले होते. अर्जदारानेही तेच केले. अण्णांच्या जागी सावकार लिहिले आणि मजकूर जसाच्या तसा ठेवला.

चूक कुठे झाली ते अर्जदारास लातूरच्या सत्काराच्या मांडवात बसल्यावर कळले. बर्नार्दोच्या दोन धर्मगुरूंच्या मध्ये आख्खा आल्प्स पर्वत होता. अर्जदाराच्या दोघांमध्ये एक तांब्या-भांडे होते. नवा जिल्हा झाल्यामुळे पूर्वी निरनिराळ्या गावी होणारे सगळे सत्कार एकाच गावी, एकाच मांडवात होऊ लागले आहेत, हे त्याने ध्यानातच घेतले नाही. अण्णांचे मानपत्र वाचून झाले, टाळ्या झाल्या. मग सावकारांचे सुरू झाले. "ज्यांच्या सावलीत दुष्काळसुद्धा क्षणभर विसावा घेतो" हे वाक्य दुसऱ्यांदा आले तेव्हा लोक खुसूखुसू हसू लागले. "ज्यांच्या मातोश्रींना धन्य म्हणावे" इथे तर मांडव डोक्यावर घेतला. वाचणारे गृहस्थ कर्तव्यदक्ष, त्यांनी शेवटपर्यंत वाचले. अर्जदार खांबाआड जाऊन उभा राहिला. अण्णा आणि सावकार यांनी आयुष्यात प्रथमच एकमेकांच्या कानाशी लागून काही ठरवले. ते असे की हा मास्तर आहे तिथेच बरा आहे. दोन्ही दारे एकाच दिवशी बंद झाली.

५. परंतु खरी अडचण अण्णाही नाहीत आणि सावकारही नाहीत. ती सांगायला अर्जदाराची लेखणी अडखळते. अर्जदार बोरगाळवाडीस आला तेव्हा टँकर चार दिवसांतून एकदा येई. बायका विहिरीच्या काठावर भांडून भांडून एकमेकींच्या घागरी फोडत. अर्जदारास ते बघवेना. त्याने टँकर पाठवणाऱ्या कारकुनांना पत्र लिहिले. अगदी बर्नार्दोच्या थाटात : आधी त्यांच्या सुवाच्य अक्षराची वाखाणणी, मग त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल आनंद, आणि पाण्याचे मागणे शेवटच्या ओळीत, सहज आठवल्यासारखे. टँकर दुसऱ्याच दिवशी आला. तेव्हापासून दर आठवड्याला एक पत्र जाते, ते कार्यालयात मोठ्याने वाचले जाते म्हणतात, आणि टँकर रोज येतो. पत्र चुकले त्या आठवड्यात, अर्जदारास ताप होता, टँकर शेजारच्या गावी गेला. म्हणजे लेखी आदेशात बोरगाळवाडीला पाणी अजून चार दिवसांतून एकदाच आहे. बाकी तीन दिवसांचे पाणी अर्जदाराच्या शाईवर येते.

६. दिल्लीचे पत्र आल्याचे गावात कळले आणि परवा दुपारी सरजाबाई दहा-बारा बायका घेऊन शाळेच्या ओट्यावर आल्या. सरजाबाई म्हणजे विहिरीवरच्या रांगेचा कारभार पाहणाऱ्या बाई. त्यांच्यापुढे सरपंचही बोलत नाहीत. अर्जदारास वाटले, निरोप द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी इलायतेला चाललाव म्हनं. तर पाऊस पडंस्तवर तुमाला सोडू न्हाई, असा एक अर्ज आमच्या नावानं लिव्हून द्या. दुसऱ्या कुनाला तुमच्यावानी येत न्हाई."

अर्जदाराने काय करावे, महोदय? त्याने लिहिला. आधी जरा हात राखून लिहिला, हे तो लपवत नाही. वाचून दाखवला. सरजाबाईंनी मान हलवली. "ह्यात जीव न्हाई. टँकरचा कागद लिव्हता तसा लिव्हा." मग अर्जदाराने तो फाडला आणि दुसरा लिहिला. या चौदा महिन्यांत जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले : तळाचा गाळ फडक्यातून गाळून पोरांना पाजणाऱ्या पहाटा, विहिरीत उतरताना पाय मोडलेली नागुबाई. लिहिता लिहिता अर्जदारास रडू आले. गावाचे एकशे चौसष्ट अंगठे त्यावर पडले. अर्जदाराने आजवर लिहिलेल्या सर्व कागदांत तो उत्तम उतरला आहे.

७. सबब विनंती ऐसी की :
(अ) बोरगाळवाडीस रोज टँकर देण्याचा लेखी आदेश, शिक्क्यानिशी, कोणाचेही पत्र येवो वा न येवो, आधी काढावा.
(ब) त्यानंतर, दि. ९ एप्रिलच्या आत, अर्जदारास मुक्त करावे. अर्जदारास जायचे आहे. फार जायचे आहे. वय तेहेतीस झाले, असे बोलावणे पुन्हा येणार नाही.
(क) दोन्ही जमणार नसेल तर (अ) करावे आणि (ब) साठी अर्जदाराने केलेली सर्व पत्रे दप्तरी दाखल करून टाकावीत. तो पुन्हा लिहिणार नाही.
एक अगत्याची सूचना : गावचा अर्ज आधी वाचू नये. तो वाचल्यावर हा मंजूर होणे नाही. आपल्या खुर्चीत अर्जदार असता तर त्यानेही केला नसता.

कळावे. आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
रा. ग्या. सोनकांबळे
बोरगाळवाडी, दि. २८ मार्च १९८३

सोबत : आदेश क्र. ४१७ ची नक्कल; दिल्लीचे पत्र; बोरगाळवाडीच्या ग्रामस्थांचा विरोधी अर्ज (हस्ताक्षर अर्जदाराचे).

ता. क. टँकर सोडून येता येत नसल्याने अर्जदार जातीने हजर नाही. दोन्ही अर्ज सरजाबाईच घेऊन येत आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. पण तुमचाबी देते, असा शब्द त्यांनी दिला आहे. आपण हे वाचत असाल तर त्यांनी तो पाळला असे समजावे. त्या रेणापूरपर्यंत उन्हात चालत आणि पुढे एसटीने आल्या असतील. आधी त्यांना तांब्याभर पाणी द्यावे.