कुंपणाबाहेरची रोपं

४ मार्च, मंगळवार
झालं! साहेबांनी फाइल पुढ्यात ठेवली — अजून चाळीस हजार झाडं लावायची, सगळी ‘पाहुण्या’ची. परदेशातून आणलेलं झाड म्हणून लोकांनीच ठेवलेलं नाव. आधार काय, तर माझा आठ वर्षांपूर्वीचा चाचणी अहवाल! "मॅडम, शुक्रवारपर्यंत सही करा."

५ मार्च
बसथांब्यावर मुद्दाम उतरले. या उन्हात आपली जुनी झाडं पार वाळून गेली, पाहुणा मात्र हिरवागार. चहावालीने ओळखलं. "बाई, तुमच्या झाडाखाली जीव वाचतो हो आमचा!" पैसे घेईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिचं खोटं नाही. तिथे सावली आहेच की.

६ मार्च
ओढ्यावर जाऊन आले. कुणी लावला नाही, तरी दोन्ही काठांवर पाहुणाच — आयत्या बिळावर नागोबा! त्याच्याखाली दुसरं एक रोप तगत नाही. मेंढ्या चारणारे आजोबा म्हणाले, "पाणी सगळं हाच पितो. आम्ही काय प्यायचं?"

लिहूनच टाकते. चाचणीत बघायचं होतं एवढंच — झाड आपणहून पसरतं का. दर सोमवारी रोपवाटिकेच्या कुंपणाबाहेर उगवलेली रोपं मोजायची. वर्षभर एकही नाही. शेवटच्या सोमवारी सात! मी ती उपटली, पर्समध्ये कोंबली आणि रकान्यात शून्य लिहिलं. सातच तर आहेत, म्हटलं. लोकांना सावली हवी होती... पुरे! मला कौतुक हवं होतं. बाबा त्याच रोपवाटिकेत माळी होते. ‘आमच्या पोरीच्या हाताला यश आहे’ म्हणून जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. त्यांच्या तोंडाकडे बघून खरं बोलवलं नाही.

सही करणार नाही. साहेबांना पत्र लिहिलंय, सातही रोपांच्या कबुलीसकट. नोकरी गेली तर जाऊ दे. बाबांना कसं सांगू, हीच धास्ती.

७ मार्च
निघण्याआधी बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सातच राहिली होती? दर सोमवारी तू यायच्या आधी मी पाटी पाटी भरून उपटायचो गं. तुझ्या पहिल्याच कामाला गालबोट नको म्हणून."