सात नंबरचा बिल्ला

जंगल कॅम्प
१९ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

अकरा पोरापोरींची माझी टोळी बरी आहे. वणवा पसरू नये म्हणून आम्ही दिवसभर पालापाचोळा झाडून मोकळे पट्टे काढतो. फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र पाण्याच्या टँकरवाल्यासोबत.

तुमच्या बंद पडलेल्या फाउंड्रीचे पितळी बिल्ले फार कामाचे निघाले. कामावर जाताना फळीवरून आपला बिल्ला काढायचा, परतलं की टांगायचा. फळी भरली की सगळे आले. पण सात नंबर कुठे हरवलात? आणि दर रविवारी उन्हात सायकल हाणत उतईला जाणं आता पुरे. शेवंताकाकू काही पळून जात नाहीत!

आईला जयभीम. लोभ उन्हाने आटू देऊ नका.

तुमची,
सुजाता

कॅम्प-१, भिलाई
२३ एप्रिल

चि. सुजातास,
सप्रेम जयभीम.

पत्र पावलं. एकच लिहितो, ते टोळीला वाचून दाखव. दुसऱ्याचा बिल्ला कोणीही टांगायचा नाही, कितीही जिवाभावाचा असो. सात नंबरचं विचारू नको.

आईने चिवडा दिला आहे. डोक्याला दुपट्टा बांधत जा.

तुझा,
बाबा

जंगल कॅम्प
१ मे

ती. बाबांस,
जयभीम.

तुमचं पत्र मी टोळीला वाचून दाखवलं नाही. म्हटलं, म्हाताऱ्याची शिस्त. चूक माझी आहे.

परवा दुपारी डोंगराला आग लागली. सगळ्यांना खाली बोलावलं. फळी भरलेली पाहिली आणि मीच वनरक्षकांना सांगितलं, की वर कोणी नाही. वणवा अडवायला त्यांनी खालूनही आग लावली. मग पाणी वाटताना एक ग्लास उरला. टोळीतली समृद्धी नव्हती.

दमली म्हणून तिने आपला बिल्ला स्नेहलजवळ दिला होता. समृद्धी मागूनच येऊन राहिली असं वाटलं, म्हणून टांगला, असं स्नेहलने रडत सांगितलं. तासाभराने समृद्धी नाल्याच्या ओल्या वाळूत सापडली. जिवंत आहे बाबा, पण पाय भाजलेत.

स्नेहल जेवत नाही. तिचा मला भयंकर राग आला आहे. सोमवारी तिला घरी पाठवते. तुम्हाला हे आधीच कसं कळलं?

सुजाता

कॅम्प-१, भिलाई
३ मे

चि. सुजातास,
जयभीम.

स्नेहलला पाठवू नको. घरी गेली तरी ती जन्मभर त्या फळीपाशीच उभी राहील. मले माहीत आहे.

सात नंबर चंपतचा, शेवंतावहिनीच्या नवऱ्याचा. टाकीची सफाई करून आम्ही दोघं बाहेर निघालो. तू टांगून दे, मी बिडी ओढून येतो, असं म्हणून त्याने बिल्ला माझ्या हाती दिला. मी टांगला. फिटरने भरलेली फळी पाहून टाकीत वाफ सोडली. चंपत विसरलेलं फावडं आणायला परत टाकीत उतरला होता, तो जिवंत निघाला नाही.

बिल्ला टांगून परत आत काहून गेला? चूक त्याचीच, असं सगळे म्हणाले. मी गप्प राहिलो. बत्तीस वर्षं शेवंतावहिनी नवऱ्यालाच दोष देऊन राहिली, अन् मले दर रविवारी चहा पाजून राहिली.

त्या पोरीने रडत का होईना, खरं सांगितलं. माझ्याच्याने तेवढंही झालं नाही. तिला जवळ बसवून चार घास खाऊ घाल आणि फळी तिच्याच हाती सोपव. तिच्याइतकी कोणी जपणार नाही.

सात नंबर माझ्यापाशीच आहे. उद्या रविवार. तो घेऊन उतईला जातो. यापुढे तिथे चहा मिळेल असं वाटत नाही.

हे वाचल्यावरही लोभ राहिला, तर कळव.

तुझा,
बाबा