दुखणं शून्य

प्रिय कॅप्टन,

तुझ्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्राच्या व्यायामखोलीत मी तावातावाने बोलत होतो आणि तू मोबाइल माझ्याकडे वळवलास, त्या क्षणी माझं सगळं बदललं. बाबांचा गुडघ्याखाली कापून उरलेला पाय कृत्रिम पायात बसतो तिथे कातडी सोलली होती. तुमचं ॲप रोज त्यांची चौकशी करतं, तरी जखम कळली नाही म्हणून मी तुझ्यावर बरसत होतो. तू एवढंच म्हणालीस, "ॲप खोटं बोलत नाहीये. तुमचे बाबा बोलतायत." मी पाहिलं. दुखणं किती? शून्य. लाली? नाही. आदल्या दिवशीही शून्य, त्याच्या आदल्या दिवशीही. मी गप्प झालो. कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा प्राध्यापकांपासून आत्यापर्यंत सगळे मला गप्प करायला बघून थकले होते, कुणाला जमलं नव्हतं. (समोर 'तुम्ही' म्हणतो, कागदावर 'तू' सुटतंय. रागावू नकोस.)

घरी येऊन बाबांशी कडाक्याचं भांडलो. जखम खोल गेली तर पुन्हा कापावं लागेल, गुडघाही जाईल, हे तू सांगितलेलं सगळं ऐकवलं. त्यांचं आपलं एकच. वरून विचारणा झाली की सगळं ठीक म्हणायचं. पलटणीत जन्मभर तेच म्हटलं, आता एका मोबाइलपुढे रडगाणं गाणार नाही. भाजी निवडता निवडता आत्या पुटपुटली की स्वतःच्या पायाचं हा कधी बोलला नाही, पण तुकडीतल्या पोरांचे बूट उतरवून रोज संध्याकाळी तळवे तपासायचा, आणि एखाद्याच्या टाचेला फोड दिसला तर साहेबांच्या अंगावर जायचा. माझं डोकं एरवी फक्त तापतं. त्या दिवशी चाललं. मी म्हटलं, "बाबा, हा पाय म्हणजे तुम्ही नाही. तुमच्या तुकडीतला जवान आहे. त्याचा रिपोर्ट कोण देणार?"

त्यांनी उरलेल्या पायावरचा मोजा उतरवला. मग चष्मा मागितला.

पुढचं तुला माहीत आहे. 'जवान आज कुरकुरतोय. बाहेरच्या बाजूला लाली. कृत्रिम पाय उतरवून विश्रांती मंजूर.' असले रिपोर्ट वाचून तू हसायचीस म्हणे. खालची बाजू दिसावी म्हणून ते आत्याचा आरसा पळवतात. पाय धुतल्यावर साबण राहिला तर मला झापतात, जणू मीच लावला. जखम भरली. परवा ते जिना उतरून एकटे वर्तमानपत्र आणायला गेले आणि दुकानदाराशी मनसोक्त भांडून आले. आत्या म्हणाली, आता खरा बरा झाला.

आणि आज सकाळी त्यांनी ॲपवर दुखणं दहापैकी आठ टाकलं. तुझा निरोप आला की पाय चढवू नका, दुपारी घरी येते. मी धावत त्यांच्या खोलीत गेलो. पाय ठणठणीत, आणि हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले! मी भडकलो, खोटी तक्रार केली म्हणून लेक्चर दिलं. त्यांनी कपाट उघडलं. आत कृत्रिम पायाखाली घालायच्या मोज्यांचा ढीग. एकदम आणता येत असताना मी एकेक करून आणत होतो, कारण दर मोज्याला केंद्राची एक खेप आणि मोजे देणाऱ्या खिडकीशी तू. बाबा म्हणाले, "माझ्या शर्टांना जागा उरली नाही. काय ते आज तिच्याशी बोल." आत्यालाही माहीत होतं. मलाच वाटत होतं की कुणाला पत्ता नाही.

म्हणून हे पत्र. घाईने जिने चढू नकोस, त्यांना काही झालेलं नाही. मला तू आवडतेस, फार आवडतेस. हे तोंडाने सांगायला गेलो तर मोजाच मागून बसेन. नाही म्हणालीस तरी त्यांना तुझ्याकडेच येऊ दे. मी आदळआपट करणार नाही, निदान केंद्रात तरी. बाबा खिडकीतून ओरडतायत की कॅप्टन वळणावर दिसली. कागदाची घडी करतो, खाली येतो, आणि बाबा आणि आत्या कान लावून आहेत म्हणून दार घट्ट ओढून घेतो.

तुझाच (हे पहिल्यांदाच लिहितोय),
तापट