काठावरचे दोन धूर

प्रिय सहादेव,

पत्र बघून हसशील. हातात मोबाईल असताना म्हातारा कागद काळे करत बसलाय, म्हणशील. पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि हे मला एका दमात सांगायचं आहे.

आपल्या धक्क्याचं नशीब उघडलंय बघ. धरणाच्या पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्यांमधलं गवत काढलं, नाव बांधायच्या लोखंडी कड्यांना रंग दिला. माझी नाव वर ओढून चौथऱ्यावर ठेवलीय आणि पोरं तिच्यात बसून फोटो काढतात. पूल झाल्यापासून धक्क्यावर कुणी फिरकत नव्हतं. आता गर्दी असते, पण पलीकडे कुणालाच जायचं नसतं. शरिफा गेल्यापासून घरात भांडं वाजलं तरी ते माझ्याच हातचं. तूही श्रीरामपूरला लेकाकडे गेलास. फार एकटं वाटतं रे.

शाळेतल्या राजनंदिनीबाई धक्क्यावर फलक लावताहेत. आपली धुराची रीत त्यांना फार आवडली. पलीकडच्या काठावर ओलं गवत पेटवायचं. एक धूर म्हणजे उतारू, शेजारी शेजारी दोन म्हणजे आजारी माणूस, की मी हातातलं टाकून नाव सोडायची. तू त्यांना फोनवर सांगितलेलं वाक्यच त्यांनी फलकावर घातलंय, ‘धूर दिसला अन् गनीभाई आला न्हाई, आसं कवा झालंच न्हाई.’ खाली माझं नाव. शुक्रवारी पडदा काढणार आहेत. ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही.

तुझ्या लेकीला, बनूला पान लागलं, साप चावला, तो चैत्र आठव. तुमच्या काठावर दोन धूर करूनही नाव येईना म्हणून तुम्ही तिला झोळीत घालून डोंगराच्या वाटेनं काढलं आणि अर्ध्या वाटेतच विष चढलं. तिसऱ्या दिवशी मी आलो. धूर केलात त्या दिवशी नावेसाठी डांबर आणायला अकोल्याला गेलो होतो, असं सांगितलं. लोक कुजबुजत होते, तर तूच त्यांच्यावर ओरडलास, ‘त्याला दिसला आसता तर पवत आला आसता त्यो!’ आणि माझ्या गळ्यात पडून रडलास. मीही रडलो. लोकांना वाटलं, काय ही दोस्ती.

मी अकोल्याला गेलोच नव्हतो, सहादेव. धक्क्यावरच्या जांभळीखाली पडलो होतो. दोन धूर मला दिसले. त्या दिवसांत भातरोपांसाठी जिकडेतिकडे शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजत होते, म्हणून राबच असेल म्हटलं आणि कूस बदलली. पण राबाचा धूर वर शेतातून उठतो, पाण्याच्या काठावरून नाही, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक होतं. ऊन कडक होतं, वल्ही मारायचा कंटाळा आला. एवढंच. एवढ्यासाठी तुझी बनू गेली. तीस वर्षं तू माझी बाजू घेतलीस आणि मी ती घेऊ दिली. माफी मागायला मला तोंड नाही. शुक्रवारी पडदा निघायच्या आधी मी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र.

म्हणायची लाज वाटते, तरी तुझाच,
गनी